फर्नेसची ट्यूब वाकली, त्यात डिसलोकेशनचा हात किती?

वर विचारलंय की फर्नेसमधली अ‍ॅल्युमिनाची ट्यूब (अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) तापून तापून मधे झोळ पडला, तर लोखंडासारखीच त्यात डिसलोकेशन (क्रिस्टलमधल्या अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष, ते सरकले की धातू वाकतो) सरकली असणार ना. मला नाही वाटत. अ‍ॅल्युमिनात सरकायचं म्हणजे सारख्या चार्जचे आयन एकमेकांसमोर येणार, वर बॉन्ड जबरदस्त, त्यामुळे रूम टेंपरेचरला डिसलोकेशन असून नसल्यासारखी, माल वाकायच्या आधी तडकतो. तापवल्यावरही ती मुख्यतः बेसल प्लेनवरच, म्हणजे क्रिस्टलच्या एकाच ठरावीक पातळीवर, सरकतात, तेवढ्याने वेड्यावाकड्या दिशांना बसलेले ग्रेन (मालातले बारीक क्रिस्टल) काही एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. झोळ पडतो तो बहुतेक वेळा ग्रेन बाउंड्रीमुळे, म्हणजे दोन ग्रेनमधल्या सीमेमुळे, तिथून आयन हलतात, ग्रेन एकमेकांवर घसरतात, आणि स्वस्तातल्या मालात तर बाउंड्रीला सिलिकाची काच बसलेली असते, ती मऊ पडली की संपलंच.

आम्ही रबाळे एमआयडीसीत क्यूसीला (माल तपासायला) तुकडा पॉलिश करून सिंटरिंगपेक्षा (पावडर भाजून घट्ट करायच्या तापमानापेक्षा) शे-दीडशे डिग्री कमीवर थर्मल एच करतो, म्हणजे नुसतं तापवून बाउंड्री उघड्या पाडतो, बाउंड्रीच्या रेघा मस्त उठून दिसतात. मधेच एखादा ग्रेन शेजाऱ्यांना गिळून सुजलेला आणि पोटात छिद्रं अडकलेली. ते टाळायला चिमूटभर मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घालायची युक्ती जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट कोबलची, त्यातूनच उजेड आरपार जाणारं अ‍ॅल्युमिना निघालं. एलईडीच्या आधी ठाणे-बेलापूर रोडला पिवळे सोडियम दिवे होते ना, त्यांच्या आतली नळी हीच!

तुमची ट्यूब किती टक्के अ‍ॅल्युमिनाची आहे, 99.7 का 95? आणि सपोर्टमधलं अंतर किती, तेही टाका इथे.