नाव झाकून नोकरी शोधणारे भित्रे?

तापीकाठ
परवा आपल्या खानदेशी आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "ज्याच्या हातात काम आहे त्याला तोंड लपवायची गरज नाही. नाव न टाकता प्रोफाइल बनवणारे एकतर भित्रे असतात, नाहीतर खोटे." खाली पटापट चाळीसेक अंगठे पडले. माझं डोकं फिरलं. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं ऐका. पुण्यात एका कंपनीत पाच वर्षं झाली होती. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल टाकताना स्वतःची कंपनी आठवणीने ब्लॉक केली. आपल्या एचआरला दिसणार नाही, एवढीच माझी समजूत. पण ब्लॉक कंपनी होते, कन्सल्टन्सी होत नाही. कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीने माझा रेझ्युमे उतरवून घेतला आणि आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या टीमच्या जागेसाठी पाठवून दिला. सोमवारी मॅनेजरने आत बोलावलं तेव्हा टेबलावर माझाच रेझ्युमे, प्रिंट काढलेला.

काढलं नाही मला. ऑनसाइटच्या, म्हणजे परदेशी कामाच्या, यादीतून नाव गेलं आणि त्या वर्षीची पगारवाढ नावापुरती झाली. त्याच वर्षी रावेरला वडिलांच्या केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला होता, झाडं उपटून फेकावी लागली. घराचा हप्ता एकट्या माझ्या पगारावर. तेव्हा मी भित्रा होतो का? होतो. भीती खरी होती म्हणून होतो.

लिंक्डइनवर फोटोभोवती हिरवं कडं लावलं की हा नोकरी शोधतोय हे साऱ्या गावाला कळतं. फक्त रिक्रूटरना दाखवा असा पर्याय आहे, पण संपूर्ण गुप्ततेची हमी देत नाही हे लिंक्डइन स्वतःच सांगतं. मग नाव, फोटो, कंपनी झाकून नुसतं काम दाखवलं आणि समोरच्याने रस दाखवल्यावर ओळख उघड केली, तर त्यात खोटं काय?

चाळीसगावचा नाना
ते लिहिणारा मीच. मागे हटत नाही.

बारा वर्षं इंटरव्ह्यू घेतोय. कॅमेऱ्यावर एक जण ओठ हलवतो आणि उत्तरं दुसराच देतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. इंटरव्ह्यूला बसलेला आणि कामावर हजर झालेला माणूस वेगळा, हेही पाहिलंय. बनावट अनुभवपत्रं तर विकत मिळतात. शेवटी यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावरची, नोकऱ्यांची नोंद बघितली की पितळ उघडं पडतं, पण तोवर आमचे दोन महिने गेलेले असतात. अशा बाजारात बिननावाचा माणूस समोर आला तर मी विश्वास कशावर ठेवायचा?

आणि ऑफर घेऊन न येणारे? नोटिसचे नव्वद दिवस वाट बघायची आणि रुजू व्हायच्या सकाळी फोन बंद. गेल्या वर्षी माझ्या एका टीमसाठी सहा जणांनी हे केलं. त्यावर कोणी धागा काढत नाही.

तापीकाठ
नाना, नव्वद दिवसांची अट उमेदवाराने घातली का? ती कंपन्यांनीच घातली. त्या नव्वद दिवसांत माणूस दुसरी ऑफर शोधणारच. आणि तोतयागिरी करणारे नावासकटच येतात की! तुमच्या त्या ओठ हलवणाऱ्याच्या प्रोफाइलवर नाव, फोटो, सगळं असेलच.

दीपनगर
तुम्ही दोघं भांडताय, पण मुळात नाव काढल्याने माणूस लपतो हेच चूक आहे. लताताई... नव्हे, लतान्या स्वीनी या संशोधक बाईंनी 2000 साली दाखवलं होतं की नुसता पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर अमेरिकेतले 87 टक्के लोक एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. नाव लागतच नाही.

आता आपल्याकडचं बघा. माझ्या एका मित्राने निनावी प्रोफाइल केलं : भुसावळ, पॉवरबिल्डर (सॉफ्टवेअर बनवायचं जुनं साधन), 14 वर्षं, सहकारी बँकेचं सॉफ्टवेअर. मी दोन सेकंदांत ओळखलं. आख्ख्या जळगाव जिल्ह्यात असा तो एकटाच असेल.

झाकायचंच असेल तर नीट झाका. वर्षं मोघम लिहा, "दहाहून जास्त". गावाऐवजी "उत्तर महाराष्ट्र". क्लायंटचं नाव काढा, क्षेत्र तेवढं ठेवा. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुमचं नाव राहतं, ते पुसा. गिटहबची, म्हणजे कोड ठेवायच्या साइटची, लिंक देत असाल तर प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, तुमचा ईमेल बसलेला असतो. खऱ्या ईमेलऐवजी गिटहबचा नोरिप्लाय पत्ता वापरला तर पुढच्या कमिटमध्ये तो दिसत नाही, जुन्यांमध्ये राहतोच. ईमेल नवा काढा. आणि रोजचा मोबाइल नंबर दिलात तर ट्रूकॉलर पुढचं काम करतं.

सातपुड्याची लेक
तुम्ही सगळे मॅनेजरपासून लपायचं बोलताय. मला मॅनेजरची भीती नाही. मला आडनाव झाकायचंय.

मी धडगावची, पावरा आदिवासी. जळगावला शिकले, सात वर्षं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करते. पहिल्या फेरीत कॅमेरा सुरू झाला की पहिला प्रश्न ठरलेला : "हे आडनाव कुठलं?" सांगितलं की दुसरा : "अॅडमिशन कोट्यातून का?" एकाने तर आधी साधं लूप लिहून दाखवायला सांगितलं. माझ्याच बॅचच्या मैत्रिणीला त्याच माणसाने थेट डिझाइनचे प्रश्न विचारले होते.

मनाचं सांगत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास 2007 साली ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) या साप्ताहिकात आला. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नाव एक धरलं, तर पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33 निघालं. तेही खाजगी कंपन्यांत. नाव झाकल्यावर मला निदान कोडपर्यंत पोचता येतं.

यावलकर पाटील
झालं, जात आलीच. विषय प्रोफाइलचा आहे ताई. आम्ही पाटील आहोत म्हणून कोणी पायघड्या घालत नाही. पुण्याच्या इंटरव्ह्यूत माझ्या तोंडून एकदा "शे" निघालं तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. आमचं काय? बोलीवरून हसणं हा भेदभाव नाही का?

सातपुड्याची लेक
आहे ना, भेदभावच आहे. मग माझा का नाही? तुम्ही "शे" गिळून "आहे" म्हणू शकता दादा. मी पावरा गिळून काय म्हणू?

यावलकर पाटील
मी तुम्हाला खोटं म्हटलेलं नाही. प्रत्येक गोष्टीत एकच कारण काढू नका एवढंच म्हणणं आहे. आमच्यात पाटील म्हटलं तरी लेवा, मराठा, गुजर असे तीन निघतात आणि गावाचं नाव विचारून लोक बरोबर शोधून काढतात. आडनाव झाकून काय होणार?

दीपनगर
पाटील, म्हणजे लोक शोधून काढतात हे तुम्हीच सांगताय. आणि शोधून काढून काय करतात? त्याच मुद्द्यावर ताई बोलतायत.

यावलकर पाटील
तुम्ही शब्दात पकडताय. मी थांबतो.

एरंडोलची
मी ताईंच्या बाजूची आहे, तरी एक अडचण मांडते. फ्रान्समध्ये सरकारी रोजगार यंत्रणेने निनावी बायोडेटाचा प्रयोग केला होता, त्यावरचा शोधनिबंध 2015 मध्ये आला. भाग घेतलेल्या कंपन्यांत निनावी बायोडेटामुळे स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना उलट कमी बोलावणी आली. कारण असं मांडलं गेलं की नाव आणि वस्ती दिसत असताना रिक्रूटर बायोडेटातल्या उणिवा त्या परिस्थितीच्या हिशेबाने समजून घेत होते. नाव गेलं आणि नुसत्या उणिवा उरल्या.

मला हे स्वतःच्या अनुभवाने पटतं. सासूबाईंच्या आजारपणात मी चार वर्षं घरी होते. निनावी प्रोफाइलवर त्या जागी नुसता खड्डा दिसायचा. सहा महिने एकही निरोप नाही. मग नावानिशी दुसरं प्रोफाइल केलं, काय घडलं ते तीन ओळींत लिहिलं, त्या चार वर्षांत केलेलं छोटं काम जोडलं. पंधरा दिवसांत दोन फोन आले. आता काम करते, एरंडोलहूनच.

सातपुड्याची लेक
भाग घेतलेल्या कंपन्या, हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या स्वतःहून पुढे आलेल्या, म्हणजे आधीच समजून घेणाऱ्या. माझ्या वाट्याला तशा कंपन्या आल्या नाहीत. पण खड्ड्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. नाव झाकून खंडाचं कारण लिहिता येईल, दोन्ही एकत्र होऊ शकतं.

चाळीसगावचा नाना
रात्री सगळं वाचलं. ते कोट्याचं मी कधी विचारलं नाही, पण आडनाव कुठलं हे विचारलंय. ओळख निघावी, गप्पा सुरू व्हाव्यात म्हणून विचारायचो. समोरच्याला ते असं ऐकू जात असेल हे डोक्यात आलं नव्हतं. आता विचारणार नाही.

"भित्रे" हा शब्द मागे घेतो. "खोटे" हा नाही, कारण तेही आहेत आणि त्यांच्यामुळेच आमची झोप जाते. पुढच्या महिन्यात चार जागा भरायच्या आहेत. पहिली चाळणी नाव, गाव, कॉलेज झाकून करायला मी एचआरला सांगणार. पण ऑफरच्या आधी यूएएन आणि समोरासमोर भेट, यात सूट नाही.

तापीकाठ
ऑफरच्या आधी सगळं उघड करायला कोणाचीच ना नाही नाना, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. फक्त एक लेखी ठेवा : सध्याच्या कंपनीत चौकशीचा फोन राजीनाम्यानंतरच जाईल. तेवढं असेल तर या चार जागांसाठी मी माझा बायोडेटा पाठवतो, नाव न टाकता.

चाळीसगावचा नाना
पाठव. कोणता तुझा ते मला सांगू नकोस.