रेडिओवरचं संगीत संमेलन आता कुठे ऐकता?

तंबोरा:
नमस्कार मंडळी. बाबा ८१ वर्षांचे आहेत, मिरजेला असतात. आमच्या घरी आकाशवाणी संगीत संमेलन म्हणजे सणच असायचा, जेवणं लवकर उरकायची, ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवायचा कारण तिथेच स्टेशन नीट लागायचं, आणि बाबा वहीत लिहायचे, कोण गायलं, राग कोणता, साथीला कोण. त्या वह्या अजून जपून ठेवल्यात. आता ट्रान्झिस्टरवर नुसती खरखर येते, मोबाईल त्यांना जमत नाही. यूट्यूब लावून दिलं तर म्हणतात, हे तू निवडलंस, मला रेडिओवाले ऐकवतील ते ऐकायचंय. काही उपाय आहे का?

मध्यलय:
आहे ना. घरी डीडी फ्री डिश असेल तर टीव्हीच्या रिमोटवरच आकाशवाणीचे रेडिओ चॅनल लागतात, बरेच जण ते कधी उघडूनही बघत नाहीत. त्यात 'रागम्' शोधा, २६ जानेवारी २०१६ला सुरू झालेलं चोवीस तास शास्त्रीय संगीताचं चॅनल, बेंगळुरूहून चालतं. हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही असतं. आमची आई तेच ऐकते. तुम्ही स्वतः न्यूजऑनएअर ॲप घ्या, सांगली, पुणे सगळी केंद्रं मिळतील.

जुना श्रोता:
वह्यांबद्दल वाचून फार बरं वाटलं. हे संमेलन १९५४ला सुरू झालं, तेव्हा केसकर माहितीमंत्री होते, आपला मराठी माणूस. त्याआधी १९५२पासून शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होताच. केसकरांनी सिनेसंगीत आवळलं तर लोक रेडिओ सिलोनकडे गेले आणि शेवटी १९५७ला विविध भारती काढावी लागली, ती त्यांची चूक मी मान्य करतो, पण ज्यांना मैफलीचं तिकीट परवडत नव्हतं किंवा ज्यांच्या गावात मैफलच होत नव्हती त्यांच्या घरात मोठे कलाकार यामुळेच पोचले. गावोगावच्या केंद्रांवर निमंत्रित श्रोत्यांसमोर कार्यक्रम व्हायचे आणि ध्वनिमुद्रण देशभर लागायचं. एक करा, बाबांच्या वहीत १९७१च्या आधीची पानं बघा. १९४०पासून तोवर आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती, त्यामुळे साथीला सारंगी दिसेल.

लीड्सकर:
इथे इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओ ३वर उन्हाळ्यात प्रॉम्स, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या मैफली असतात, सुमारे आठ आठवडे, प्रत्येक कार्यक्रम थेट. १९२७पासून, १९४० आणि १९४१ सोडून, बीबीसीच भरवते. मला सगळ्यात आवडतो तो मध्यंतर, जाणकार माणसं आत्ता वाजलेल्या रचनेबद्दल आणि पुढे येणाऱ्या रचनेबद्दल बोलत बसतात, त्यामुळे माझ्यासारख्या काही न शिकलेल्या माणसालाही धरून ठेवतं. आपल्याकडे निवेदक राग, ताल, कलाकारांची नावं सांगतो आणि थांबतो. पाचच मिनिटं रागाबद्दल, घराण्याबद्दल कुणी बोललं तर नवीन पोरं ऐकतील हो, मनापासून वाटतं.

तंबोरा:
मध्यलय, काल रागम् लावून दिलं, खूप आभार. आवाज इतका स्वच्छ की बाबा आधी टीव्हीकडेच बघत बसले, मग म्हणाले वही आण. आणि काका, सगळ्यात जुनी वही १९६८ची निघाली. सारंगी, सारंगी, पानोपानी सारंगीच. बाबांना विचारलं तर म्हणाले, पेटी नव्हती हे तेव्हा लक्षातच आलं नाही, रेडिओवर गाणं असंच असतं असं वाटायचं.