मदत हवी आहे: मानसोपचाराच्या रेसिडेंटला परिषदेसाठी पुरस्कार, प्रवासखर्च असं काही मिळतं का?

पन्हाळ्याचं_धुकं

नमस्कार मंडळी,

राजाराम बंधाऱ्यावर आज सकाळी पाणी ३९ फुटांवर गेलंय, म्हणजे इशारा पातळी. नदीकाठच्या गावांतले पेशंट आलेच नाहीत, ओपीडी साडेअकराला आटोपली. एवढा वेळ परत मिळायचा नाही म्हणून धागा काढते.

मी मानसोपचारात एमडी करतेय, जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट. कोल्हापुरातच, कॉलेज कुठलं ते राहू दे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या पश्चिम विभागाची, म्हणजे महाराष्ट्र-गुजरात-गोव्याची, परिषद यंदा गुजरातेत आहे आणि माझा पेपर त्यात घेतलाय. आधी आनंद झाला, मग हिशेब केला. रजिस्ट्रेशन, जाण्यायेण्याचं भाडं, तीन रात्रींचं राहणं. विद्यावेतन दोन महिने रखडलंय. घरी मागायचं तर धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी नुकतीच भरलीय.

पेपर कशावर ते सांगते. आमच्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीत एक जुनी लांबडी वही आहे. पेशंट ठरल्या तारखेला आला नाही की आमचे सोशल वर्कर दादा त्या रकान्यात लाल पेनानं कारण लिहितात. दिवाळीच्या पुढेमागे पानंच्या पानं एकच शब्द: 'कारखाना', म्हणजे साखरेचा. दारू सुटून तीन-चार महिने झालेला, बायकोच्या हातून रोज सकाळी डायसल्फिरामची, म्हणजे दारूपासून दूर ठेवणारी, गोळी घेणारा माणूस, बॉयलर पेटला की गायब. कोण ट्रॅक्टरवर, कोण तोडणीच्या टोळीत. एकानं तोंडावर सांगितलं, "बाई, आता हंगाम उरकल्यावरच येतो. उचल घेतलीया." उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी. मार्चमध्ये आला तेव्हा बायको दंडाला धरून आणत होती. गळीत हंगामात फॉलोअप का तुटतो, आणि महिन्यातून दोनदा कारखान्याच्या तळावरच जाऊन बसलो तर तुटायचा थांबेल का, एवढाच माझा पेपर.

आता प्रश्न. गूगलवर 'रीजनल प्राइझ', 'बर्सरी' असं शोधलं की एकाहून एक याद्या निघतात. ट्रेनीला निबंधासाठी इतकं, पोस्टरसाठी तितकं. त्यातलं काही आपल्याला चालतं का? आपल्याकडे असं काही आहे का? आणि पुरस्काराच्या सत्रात पेपर जायला नेमकं काय लागतं? सूचना विभागाच्या फळ्यावर लागली होती म्हणे. तिच्यावर ड्यूटीचा तक्ता चिकटवला होता. तक्ता निघाला तेव्हा तारीख उलटून गेलेली.

शेवटचं जरा ओशाळवाणं आहे. एका एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, "मॅडम, तिकिटाचं टेन्शन घेऊ नका" म्हटलंय. हो म्हणू का?

गंगावेशीचा_गडी

ताई, मी डॉक्टर न्हाई, पण शाहू महाराजांच्या गावात शिकणाऱ्याला पैशाची अडचण म्हंजे काय! ज्यांनी १९०१ ला बोर्डिंग काढलं, त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे की. महाडीबीटीवर बघा.

पन्हाळ्याचं_धुकं

दादा, बघितलं. ती शिक्षण शुल्काची आहे. तिच्यातून गुजरातचं तिकीट निघायचं नाही. पण लिहिलंत, बरं वाटलं.

लीड्सचा_करवीरकर

मी इथे ब्रिटनमध्ये मानसोपचारात आहे, मूळचा कसबा बावड्याचा. गूगलवरच्या त्या याद्या बहुतेक इथल्याच, त्यांचं सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सचे इंग्लंडमध्येच आठ विभाग आहेत, शिवाय स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड. प्रत्येकाची स्वतःची छोटी छोटी बक्षिसं असतात: पोस्टर, निबंध, कधी चांगला शिकवणारा म्हणून. बर्सरी म्हणजे बहुतेक वेळा परिषदेची फी नाहीतर रेल्वेचं भाडं. पण ही सगळी त्या त्या विभागात काम करणाऱ्यांसाठी. गल्लीच्या गणपतीची बक्षिसं गल्लीतल्या पोरांनाच, तसं. लीड्समध्ये बसून मला लंडन विभागाचं मागता येत नाही, तर तुम्हाला कोल्हापुरातून कुठून.

दुसरं म्हणजे यांचा 'ट्रेनी' आणि आपला जेआर एक नव्हे. इथे आधी तीन वर्षं कोअर ट्रेनिंग, त्यात दोन लेखी पेपर आणि सीएएससी नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, मग पुढची तीन वर्षं. अर्जात 'कोअर ट्रेनी' लिहिलं असेल तर तुम्ही त्यात बसत नाही, उगाच रात्र जागवू नका. कॉलेजचा दक्षिण आशिया विभागही आहे, त्याच्या सूचनांवर नजर ठेवा. पण या गुजरातच्या परिषदेला त्याचा उपयोग नाही, हे आत्ताच सांगतो.

आणि विषय झकास आहे. माझे चुलते ट्रॅक्टरवर होते. जास्त लिहीत नाही.

मिरज_जंक्शन

ताई, मी मिरजेत जेआर-थ्री. गेल्या वर्षी हेच सगळं केलंय. बर्सरीच्या नादात मी तीन आठवडे घालवले आणि तेवढ्यात लवकरच्या रजिस्ट्रेशनची तारीख गेली. नंतर जे भरावं लागलं त्यात माझं जेवणखाण निघालं असतं. तेव्हा आधी पीजीच्या दरानं रजिस्ट्रेशन कर, एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, 'हा आमचा पीजी आहे' असं पत्र लागतं. मग आयोजकांना सरळ मेल टाक की तिथल्या मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर सोय होईल का. बहुतेक वेळा होते, कुणी विचारतच नाही. कोल्हापूर-अहमदाबाद गाडी आठवड्यातून एकदाच आहे, तारीख जुळली तर सोनं, नाहीतर पुण्याहून पकड.

पोस्टर असेल तर फ्लेक्सवर छापू नको. ती नळी घेऊन जनरल डब्यात चढलीस की कळेल. कापडावर छापून मिळतं, घडी करून सॅकमध्ये टाक.

एमआरचं म्हणशील तर सगळेच घेतात. लई विचार करू नको.

जुनी_खुर्ची

मी कोल्हापुरातच मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली. वरच्या शेवटच्या ओळीसाठीच लॉगिन केलं.

सगळे घेतात हे खरं नाही, आणि घेत असले तरी नियम स्पष्ट आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ साली भर घातली गेली: औषध कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, राहण्याची सोय, रोख रक्कम घ्यायची नाही. परिषदेचा प्रवास त्यातच येतो. २०२३ मध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनी लागू आहे. तुमच्याकडे नोंदणी क्रमांक आहे ना? मग रेसिडेंट असलात तरी तुम्हालाही लागू. आणि नियम बाजूला ठेवा. ज्यानं तिकीट काढलं तो पुढच्या महिन्यात ओपीडीच्या दारात उभा राहील, तेव्हा तुमचं पेन कुठल्या ब्रँडकडे वळेल ते तुमच्याही लक्षात येणार नाही.

आता पुरस्काराचं. 'पेपर घेतला' म्हणजे साध्या सत्रात घेतला. पुरस्काराचं सत्र वेगळं असतं. त्याला नुसता ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, चालत नाही, पूर्ण पेपर आधी द्यावा लागतो, तोही नाव, गाइड, कॉलेज सगळं काढून, म्हणजे परीक्षकाला कळू नये कोणाचा. कित्येक चांगले पेपर मी याच कारणानं बाद झालेले पाहिलेत. शेवटच्या पानावर 'आमच्या एचओडींचे आभार' राहून जातं. काम आधी कुठे छापलेलं नसावं. तुमचे गाइड आधी जर्नलला पाठवूया म्हणत असतील तर हात जोडून थांबवा. परिषद झाल्यावर विभागाच्याच 'ॲनल्स ऑफ इंडियन सायकियाट्री'ला पाठवता येईल.

आणि मुळात सभासद आहात का? राष्ट्रीय सोसायटीचं सभासदत्व वेगळं, पश्चिम विभागाचं वेगळं. रेसिडेंट मंडळी अर्ज भरायचं परिषदेच्या आदल्या महिन्यापर्यंत टाळतात आणि मग पुरस्काराच्या वेळी पात्रतेतच अडकतात. या वर्षीची गाडी चुकली. पण राष्ट्रीय परिषद साधारण जानेवारीत असते, तिथे मार्फतिया, भागवत वगैरे नावांचे पुरस्कार आहेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विभागाची परिषद आहेच.

एक विचारतो, रागावू नका. वहीतून आकडे घेतलेत तर एथिक्स कमिटीचं पत्र आहे का? जुनी वही असली तरी लागतं. आणि तो उचलवाला पेशंट इथे लिहिलात, ओळखू येणार नाही ना?

पन्हाळ्याचं_धुकं

सर, पत्र आहे. कमिटीनं दोनदा परत पाठवलं होतं, तिसऱ्यांदा मिळालं. पेशंटच्या तीन गोष्टी बदलून लिहिल्यात, उचल तेवढी खरी. तीही म्हणा निम्म्या वहीला लागू पडेल.

सभासद नाहीये. आणि आभारांचं वाचून लगेच फाइल उघडली. शेवटच्या पानावर एचओडी, गाइड, सोशल वर्कर दादा, सगळे हजर!

आयसीएमआरकडून, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेकडून, काही होईल का? मैत्रीण म्हणत होती प्रवासाला पैसे देतात.

जुनी_खुर्ची

तो प्रवासनिधी परदेशातल्या परिषदांसाठी आहे. आयसीएमआरची पीजीच्या प्रबंधासाठी मदत असते, ती वेगळी. हा पेपर तुमचा प्रबंध असेल तर पुढची जाहिरात बघा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडेही संशोधनासाठी अनुदान असतं. पण दोन्ही काम करण्यासाठीचे पैसे आहेत, गाडीत बसण्यासाठीचे नव्हेत. देशातल्या परिषदेला जायला म्हणून रेसिडेंटला सहसा कुणी पैसे देत नाही, याची मला आजही चीड आहे. आम्ही गेलो तेव्हाही एसटीनंच गेलो.

लीड्सचा_करवीरकर

इथे स्टडी लीव्ह आणि थोडं स्टडी बजेट नोकरीतच धरलेलं असतं, म्हणून विभागाच्या बर्सरीवर फारसं कुणाचं अडत नाही. ज्यांचं खरंच अडतं त्यांच्याकडे याद्याच नाहीत. उलटाच कारभार.

मिरज_जंक्शन

सर, चुकलं. तिकीट मी घेतलं नव्हतं, पण बॅग घेतली होती त्यांची. ताई, आमच्याकडून दोघी जाणार आहेत, होस्टेलच्या खोलीत तिसरी गादी टाकता येईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, नंबर देतो. ड्यूटी लीव्हचा अर्ज आधी टाक मात्र. नंतर टाकलास तर पगारी रजा कापतात आणि त्यावर कोणतीच बर्सरी नाही.

गंगावेशीचा_गडी

मॅडम, एक शंका. कारखान्याच्या तळावर डॉक्टर बसला तर ती माणसं येतील का? मुकादम सोडल का? माझा मेव्हणा टोळी आणतो. विचारून सांगू?

पन्हाळ्याचं_धुकं

दादा, विचाराच! हाच प्रश्न पेपर वाचताना पहिला येणार आणि त्याचं उत्तर माझ्या वहीत नाही. दिवसा की रात्री, कुठे बसायचं, बायका आधी बोलतील का, जे सांगतील ते तसंच इथे लिहा.

बाकीच्यांना: एमआरला सकाळी नाही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मग पेन तरी ठेवा." रजिस्ट्रेशन पीजीच्या दरात झालं, ड्यूटी लीव्हचा अर्ज टाकला, मिरजेच्या दोघींशी बोलले. यंदा साध्या सत्रातच वाचते. पुरस्कारासाठीचा पूर्ण पेपर आता दिवाळीच्या आत लिहून ठेवते, आभाराविना.

जुनी खुर्ची सर, सभासदत्वाच्या अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात. अनुमोदक म्हणून गाइड तयार आहेत. तुम्ही सूचक व्हाल का? मला ओळखत नाही हे माहीत आहे.

जुनी_खुर्ची

वही घेऊन या. नावं झाकून आणा. वाचतो, मग सही करतो. पत्ता व्यनित टाकलाय. गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर, पाणी उतरलं असलं तर.