अनुभव धागा : रेसिंग कारचा कारखाना बघितलेला आठवडा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांमुळं, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांमुळं, कोल्हापुरात घरटी एक तरी माणूस इंजिनाच्या कामातला सापडतो. त्यातल्या कुणी रेसिंगची गाडी जिथं बनते ती जागा बघितली असेल, तर त्या आठवड्याबद्दल इथं लिहा. प्रवासाचं वेळापत्रक नको. काय बघितलं आणि मनात काय राहिलं ते सांगा.

मंगळवार पेठेची लेक

आमचे आण्णा पॅटर्नमेकर. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो भागाचा नमुना. उद्यमनगरात सागवानातनं पंपाचे आणि इंजिनाच्या भागांचे पॅटर्न कोरण्यात त्यांची हयात गेली. मी नोकरीसाठी इंग्लंडात होते तेव्हा आई-आण्णा उन्हाळ्यात राहायला आले. लंडन झालं. ब्रुकलँड्सला १९०७ सालच्या रेसिंग ट्रॅकची उरलेली कलती काँक्रीटची भिंत बघितली. सिल्व्हरस्टोनलाही जाऊन आलो. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथं १३ मे १९५० ला झाली. पण आण्णांचा आठवडा म्हणजे ग्रोव्ह.

ऑक्सफर्डशायरमधल्या या गावात विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाचा कारखाना आहे. आम्हाला तिथला जुन्या गाड्यांचा संग्रह बघायला मिळाला. ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलनं १९९२ चं अजिंक्यपद जिंकलं ती एफडब्ल्यू१४बी दिसली. तिचं सस्पेन्शन संगणक सांभाळायचा आणि गाडीची जमिनीपासूनची उंची हवी तशी राखायचा. मी हे सगळं समजावत होते, पण आण्णांचं लक्ष गाडीच्या नाकावर. "हे ओतलंय का कोरलंय, विचार की त्यांना," म्हणाले.

माहिती देणारे गृहस्थ उत्साही होते. राळ (रेझिन) मुरवलेलं कार्बन फायबरचं कापड फ्रीझरमध्ये ठेवतात. ते स्वच्छ खोलीत कापून, एकेक थर हातानं दाबत साच्यात बसवतात. वरून पिशवी लावून आतली हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत उष्णता नि दाब देऊन घट्ट करतात. "आणि साचा?" साचाही बहुतेक वेळा कार्बनचाच. तो ज्यावरून उचलतात, तो मात्र राळेच्या टणक ठोकळ्यातून मिलिंग करून काढलेला पॅटर्न.

"म्हंजे आधी पॅटर्नच की!" आण्णा एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की बाजूची माणसं वळून बघू लागली.

मग दोघांचं जे जमलं! भाग साच्यातनं सुटायला ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना उतार, किती ठेवता, साच्याचे दोन भाग जुळतात ती पार्टिंग लाइन कुठं घेता, कोपऱ्यात कापड दुमडलं तर काय करता? मी नुसती दुभाषी. आई घड्याळ दाखवत राहिली. आपल्याकडं अशा माणसाला 'मिस्त्री' म्हणून मोकळे होतात, ड्रॉइंगमधली चूक त्यानं दाखवली तरी श्रेय साहेबाला जातं. तिथं ते गृहस्थ माझ्या वडिलांशी एका कारागिरानं दुसऱ्याशी बोलावं तसे बोलले. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, आणि आपल्याकडच्या वागण्याचा रागही आला.

कागल एमआयडीसी, क्यूसी

मी इटलीत मारानेल्लोला गेले होते. फेरारीच्या कारखान्यातून बस फिरवतात, खाली उतरू देत नाहीत. इंजिनांसाठी त्यांची स्वतःची ॲल्युमिनियम फाउंड्री त्याच आवारात आहे. माझं सगळं आयुष्य कास्टिंग तपासण्यात गेलंय, मला तीच बघायची होती. फिओरानोचा त्यांचा चाचणी ट्रॅक आणि म्युझियम छान आहे, पण ट्रॉफ्या बघून माझं पोट भरलं नाही.

कळंब्याचा, सध्या पुण्यात

आमचा आठवडा कोइमतूरचा. कॉलेजची टीम घेऊन कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेला, गेलो होतो. निम्मा वेळ टेक्निकल इन्स्पेक्शनच्या रांगेत गेला. पट्टे बांधून बसलेला ड्रायव्हर ५ सेकंदांत बाहेर यायला पाहिजे. टिल्ट टेबलवर गाडी ६० अंशांत कलवतात, तेव्हा एक थेंब गळता कामा नये. ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक व्हायला लागतात. पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यायची. रात्री हॉटेलात कुणी झोपत नव्हतं.

शेवटी एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा फॉर्म्युला एलजीबी या भारतातल्या शर्यतींच्या गाड्या बांधतात ते वर्कशॉप बघितलं. कोइमतूरला ही परंपरा जुनी आहे. ज्यांच्या नावानं ट्रॅक आहे त्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकात मारुतीच्या इंजिनावर सिंगल-सीटर, म्हणजे एकाच माणसाच्या रेसिंग गाड्या, बांधल्या होत्या. एलजीबीच्या गाडीत १३०० सीसीचं स्विफ्टचं इंजिन आणि स्टीलच्या नळ्यांची चौकट. एक वेल्डर नळीचं तोंड कानशीनं घासत होता, दुसऱ्या नळीवर टेकवून उजेड दिसतोय का बघायचा आणि परत घासायचा. त्याला फक्त तमिळ येत होतं. त्यानं माझ्या हातात कानस दिली, माझं कोपर धरून खाली केलं, आणि दाब कुठं द्यायचा ते दाखवलं. कॉलेजात वेल्डिंगचे मार्क चांगले मिळाले होते, पण हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

ताई, एक विचारू का? आमच्या ज्युनिअर पोरांना यंदा गाडीचं नाक फायबरमध्ये करायचंय. पॅटर्न करून देणारा माणूस त्यांना मिळत नाहीये.

मंगळवार पेठेची लेक

आण्णांना आत्ताच विचारलं. म्हणाले, पोरांना ड्रॉइंग घेऊन पाठव, मोबाईलवरचं नको, कागदावर पाहिजे. ड्राफ्टचं ते स्वतः बघतील. सकाळी या, दुपारी ते झोपतात. आणि आई म्हणते, किती जण येणार ते आधी कळवा, जेवूनच जायचं.