बाटली चाळीसची, सिरिंज शंभरची: घरी इन्सुलिन घेणाऱ्यांना कसं शिकवता?

उपकेंद्र सिस्टर, अमळनेर तालुका
नमस्कार मंडळी. गावातल्या एका आजींना जळगावच्या दवाखान्यातून सुटी मिळाली, सोबत ३०/७० (लवकर आणि हळू काम करणारं मिश्र) इन्सुलिन, सकाळी २० आणि रात्री १० युनिट. एकही डोस चुकत नाही, तरी उपाशीपोटी साखर तीनशेच्या खाली येईना. शेवटी म्हटलं, माय, माझ्यासमोर भर बरं. बाटलीवर ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली छापलेलं आणि नातवाने मेडिकलवरून आणलेली सिरिंज १०० ची, म्हणजे १०० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठीची, नारिंगी टोपीची. आजी २० च्या आकड्यापर्यंत अगदी नीट भरत होती. पण त्या सिरिंजवर २० म्हणजे ०.२ मिली, आणि ४० च्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे फक्त ८ युनिट!

त्यात साखर उतरत नाही म्हणून एका दवाखान्याने सकाळचा डोस ३० लिहून दिलेला. तो सुरू झाला असता आणि नेमकी तेव्हाच बरोबर सिरिंज घरात आली असती तर? ८ वरून एकदम ३० युनिट! चिठ्ठी आमच्या डॉक्टरांना दाखवून आधी थांबवली, सिरिंज बदलून दिली.

आता विचारायचं ते असं, की लिहिता-वाचता न येणाऱ्यांना हे शिकवायचं कसं? काहीही विचारा, "हा वं बाई, समजनं" तयारच. शिवाय घरात फ्रिज नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात बाटली ठेवायला सांगू कुठे?

निवृत्त इनचार्ज सिस्टर, धुळे
बेटा, "समजलं का?" विचारणं आधी बंद कर. त्याला "हो" शिवाय उत्तरच नसतं. "सुनेला कसं सांगशील ते मला सांग" असं म्हण आणि आपले हात पाठीमागे बांधून उभी राहा. माणूस चुकला की आपले हात आपोआप पुढे जातात, तिथेच शिकवणं संपतं. वॉर्डात सुटीच्या गडबडीत आपण कागद हातात देतो, सही घेतो, झालं. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत असतो, कोण ऐकतंय?

बिनसुईच्या ४० च्या सिरिंजवर २० ला चिकटपट्टी लावून नमुना म्हणून दे. नवी सिरिंज शेजारी धरून तिने पातळी जुळवायची. रात्रीच्या १० साठी वेगळा नमुना, वेगळ्या रंगाची पट्टी. डोस बदलला की जुना नमुना आठवणीने परत घे. हे दुधाळ इन्सुलिन गदागदा हलवायचं नाही, दोन्ही तळव्यांत हळू फिरवायचं.

फ्रिज नसेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात छोटं मडकं ठेव, मधल्या जागेत रेती भर, रेती सकाळ-संध्याकाळ ओली कर. बाटली डबीत घालून आत, भांडं सावलीत. फोडल्याची तारीख बाटलीवर लिही, चार आठवड्यांनंतर ती वापरायची नाही. शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवत असतील तर बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समज.

मेडिकलवाला, चोपडा
आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "साखरेची सुई दे." बाटली बघितल्याशिवाय मी देत नाही, पण गर्दीच्या वेळी सगळीकडे असं होईलच असं नाही. नातवाला सांगा, रिकामी बाटली खिशात घेऊन ये. टोपीच्या रंगावर फार विसंबू नका. ४० ची लाल, १०० ची नारिंगी, पण मोतीबिंदूच्या डोळ्याला पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारख्याच. सिरिंजवरचा आकडा बघणारं घरात कुणीतरी एक हवं. आणि इन्सुलिन पेनची कार्ट्रिज (आत बसणारी औषधाची नळी) १०० ची असते, त्यातून ४० च्या सिरिंजने औषध ओढायचं नाही. तिथे अडीच पट जास्त जातं.

सून, शिरपूर
सिस्टर, आजी उपवास धरतात का ते विचारा. आमच्या सासूबाईंनी एकादशीला नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर होत्या. साखर एकदम उतरली: दरदरून घाम, हात थरथर, बोलणं असंबद्ध. शुद्धीत होत्या म्हणून तीन चमचे साखर पाण्यात दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग खायला घातलं. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ लावायचा, हे आम्हाला आशाताईंनी नंतर सांगितलं.

उपकेंद्र सिस्टर, अमळनेर तालुका
आजी एकादशी आणि चतुर्थी दोन्ही धरते! उपवासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घेते. नातवालाही बसवते सोबत, सिरिंज आणणारा तोच आहे.