संगणक अडला की हात कळफलकाकडे जावा की माउसकडे?

मूळ मांडणी (जळगाव):
मी जळगावात संगणकाचे प्राथमिक वर्ग घेतो. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारे आणि बंद करू देणारे साधन), डिव्हाइस मॅनेजर (संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी), सेटिंग्ज या साधनांच्या शॉर्टकट की, म्हणजे ती थेट उघडणाऱ्या कळांच्या जोड्या, पहिल्याच आठवड्यात शिकवाव्यात, असे माझे ठाम मत आहे, कारण ही साधने लागतात तेव्हा संगणक बहुधा अडलेला असतो आणि माउसचा बाण जागचा हलत नसतो. गेल्या जूनमध्ये ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका केंद्रात ब्राउझर गोठला, तेव्हा चालकाने घाबरून पॉवरचे बटण दाबून धरले. त्यात समोर बसलेल्या मुलीचे वर्डमध्ये टाइप केलेले, पण सेव्ह न केलेले दोन पानी पत्रही गेले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले असते, तर टास्क मॅनेजर थेट उघडला असता. बाणाच्या कळांनी ब्राउझरवर जाऊन डिलीट दाबले असते, तर तेवढाच प्रोग्राम बंद होऊन पत्र वाचण्याची आशा होती. विंडोज एनटी ४.० या विंडोजच्या जुन्या आवृत्तीबरोबर १९९६ साली आलेले हे साधन आजही केंद्रचालकांना ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते.

प्रतिसाद (धुळे):
सर, प्रसंग बोलका आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. अर्थ न कळता पाठ केलेली कळ ही दुसऱ्याच्या हाती दिलेली किल्ली ठरते. अमळनेरच्या एका आडत दुकानातील वयस्कर मुनीम आप्पांना एका ठगाचा फोन आला, "विंडोज आणि आर दाबा, मी सांगतो ती अक्षरे टाइप करा." इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडला, त्यात लाल-पिवळ्या खुणा दिसल्या आणि संगणकात व्हायरस शिरल्याचे आप्पांना पटले. अशा खुणा धडधाकट संगणकातही असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. अलीकडे तर "आपण माणूस आहात हे सिद्ध करा" असे सांगून रनच्या चौकटीत (विंडोज आणि आर दाबल्यावर उघडणाऱ्या, आज्ञा टाइप करायच्या चौकटीत) घातक आज्ञा पेस्ट करायला लावणारी बनावट पानेही आली आहेत. माउसने मेनूतून जाणारा माणूस वाटेतली नावे वाचतो, थांबतो, विचारतो; नवशिक्यासाठी तो उशीरच मोलाचा आहे.

प्रतिसाद (रावेर):
केळीच्या हंगामात रात्री ट्रक भरून उभा असतो आणि बिल काढताना माउस बंद पडतो, तेव्हा विचार करायला वेळ नसतो, भाऊ. विंडोज आणि एक्स, मग यू, पुन्हा यू दाबून मी संगणक नीट बंद करतो. मूळ मांडणीशी मी सहमत आहे.

प्रतिसाद (नंदुरबार):
मी शाळेत शिकवते. मुलांची अडचण निराळीच असते: मराठी कळफलक चालू असताना रनच्या चौकटीत आज्ञा टाइप केली, की देवनागरी अक्षरे उमटतात, विंडोजला ती सापडत नाही आणि मुलाला वाटते की आपलेच चुकले. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते, हे आधी शिकवावे लागते. शिवाय संगणकाची माहिती उघडणारी विंडोज आणि पॉज ही जोडी सांगितली, तर कित्येक लॅपटॉपवर पॉजची कळच नसते. म्हणून धुळ्याच्या दादांचे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर (जळगाव):
ताई, भाषेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो मी वर्गात घेईन. धुळ्याच्या सरांचा रनबाबतचा आक्षेपही मान्य, त्यामुळे ती चौकट मी शेवटच्या आठवड्यापर्यंत शिकवणार नाही. मात्र टास्क मॅनेजरबाबत मी मागे हटणार नाही, कारण गोठलेल्या पडद्यावर मेनू वाचत जाण्याची वाटच उरलेली नसते.

प्रतिसाद (धुळे):
टास्क मॅनेजरपुरते मान्य. पण तो शिकवताना कोणता प्रोग्राम बंद करायचा नाही, हेही त्याच तासाला सांगा.