मॅच आणि माचिस: शब्द एक की दोन?

अनघा (धागाकर्ती)
मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. परवा आठवीतल्या एका मुलाने 'ही स्ट्रक अ मॅच'चं मराठी 'त्याने सामना मारला' असं केलं. वर्ग खदखदून हसला. मला मात्र वाईट वाटलं, कारण चूक त्याची नाही. 'मॅच म्हणजे सामना, जुळणे, काडी' हे आम्हीच एका ओळीत पाठ करून घेतो. पण हे एका शब्दाचे तीन अर्थ नाहीतच. दोन निरनिराळे शब्द आहेत, आता दिसायला सारखे झालेले.

पहिला जुन्या इंग्रजीतल्या 'येमॅच्चा'पासून आलेला, म्हणजे जोडीदार, बरोबरीचा माणूस. त्यावरून लग्नाची जोडी, बरोबरीच्यांचा सामना आणि साडीवर जुळणारं मॅचिंग. दुसरा जुन्या फ्रेंचमधून आला. तिकडे तो दिव्याची वात होता. वातीवरून बंदुकीला बत्ती द्यायचा जळता दोर, मग टोकाला गंधक लावलेली काडी. ही काडी आपण होऊन पेटत नसे, चकमकीची ठिणगी आधी कापसावर धरावी लागे. 1827 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज गावचे औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी घासून पेटणारी काडी विकायला काढली. दुमडलेल्या पॉलिश कागदात काडी धरायची आणि ओढायची. पुढे तिलाही मॅच हेच नाव लागलं.

चांगल्या इंग्रजी कोशांत या दोन वेगळ्या नोंदी असतात. मुलांच्या वहीतही तशाच हव्यात.

माधव
सहमत नाही. माणूस शब्दाचं मूळ विचारून बोलत नाही. इंग्लंडमधल्या पोराला ती फ्रेंच वात कुठे माहीत असते? तरी तो चुकत नाही, कारण 'स्ट्रक' ऐकलं की त्याला काडीच दिसते. तुमच्या विद्यार्थ्याला मूळ माहीत नव्हतं म्हणून तो अडला नाही. काडीबरोबर 'स्ट्राइक' हे क्रियापद येतं हे त्याने कधी वाचलंच नव्हतं, म्हणून अडला.
आपलं 'काम' घ्या. कामगारातलं काम 'कर्म'वरून प्राकृत 'कम्म' होऊन आलं. कामदेवातलं काम म्हणजे इच्छा, ते थेट संस्कृत. मूळ दोन, रूप एक. आपल्यापैकी कुणी गोंधळतं का?

अनघा
मराठी मूल 'काम' जन्मल्यापासून ऐकतं, माधवराव. इंग्रजी त्याच्या कानावर आठवड्यातून काही तास पडतं. त्याला धरायला काहीतरी द्यावं लागतं. आपला 'जोडा' बघा. पायातला जोडा आणि लक्ष्मीनारायणाचा जोडा. 'दोन एकत्र' एवढं सांगितलं की दोन्ही सुटतात. सामना आणि मॅचिंगही 'बरोबरी' सांगितली की तसेच सुटतात. काडी त्यात घातली की सगळं विस्कटतं.

रेश्मा
आमचं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, मी ब्लाऊजपीस काढते आणि दोन्ही घेऊन आम्ही दुकानाच्या पायरीवर उन्हात जातो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि रामा हिरवा सारखेच दिसतात. पदराच्या काठावर कापड ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, 'हे बसलं.' 'मॅच झालं'पेक्षा 'बसलं'च जास्त.
मला सांगायचंय ते हे की मराठीने ही वाटणी कधीच केली आहे. ती मॅच, ते मॅचिंग आणि ती माचिस. माचिस म्हणजे 'मॅचेस'च, इंग्रजी अनेकवचन आपण एकवचन करून घेतलं. शिवाय त्यांची मॅच एक काडी, आपली माचिस अख्खी पेटी. मुलं हे तीनही शब्द घरून घेऊन येतात. तिथूनच सुरुवात करा ना!

दिगंबर
गडकिल्ल्यांवर फिरणाऱ्याचं एक निरीक्षण. आपल्याकडे बंदुकीच्या त्या जळत्या दोराला 'तोडा' म्हणत, म्हणून तोड्याची बंदूक. आणि बरोबरीच्याला आपण 'तोडीस तोड' म्हणतो. म्हणजे इंग्रजीतली जोडगोळी मराठीतही आहे! मूळ एकच असणार.

अनघा
दिगंबरजी, तोड्याची बंदूक उद्या वर्गात नक्की सांगेन. पण 'मूळ एकच' हे नाही मान्य. नुसतं ऐकू सारखं येतं म्हणून नातं लावलं, तर वात आणि सामनाही सख्खे ठरतील. माझा सगळा खटाटोप हेच टाळण्यासाठी आहे.

माधव
इथे मी अनघाताईंच्या बाजूने. बाकी माझं मत बदललेलं नाही. तुमच्याकडे तासिका पस्तीस मिनिटांची. त्यातली वीस जुनी इंग्रजी आणि फ्रेंच सांगण्यात गेली, तर वाचन कधी होणार? उद्या पेपरात 'ही मेट हिज मॅच' आलं तर?

अनघा
उलट तेच वाक्य मुळावरून सुटतं. 'मॅच म्हणजे सामना' एवढंच पाठ असलेला लिहील, 'त्याला त्याचा सामना भेटला.' 'बरोबरीचा' कळलेला लिहील, 'त्याला तोडीस तोड भेटला.' आणि वीस मिनिटं नाही लागत. मी निरांजन, वात आणि काडेपेटी टेबलावर ठेवणार आहे. वात पेटवून त्या मुलालाच विचारेन, यातली मॅच कुठली.

माधव
वात दाखवाच. पण ती विझवल्यावर 'स्ट्राइक'ची पाच वाक्यं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.